अंगण खरंच वाकडं असेल तर?

२१ एप्रिल २०२४. एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्ट ०-२ हरलं आणि थोड्याच वेळात क्लबच्या अधिकृत एक्स खात्यावर एक निवेदन झळकलं. मोजून चार-पाच वाक्यं. त्याचा आशय असा : तीन अत्यंत वाईट निर्णय झाले, आमच्या तीन पेनल्टी नाकारल्या, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. व्हीएआरच्या खोलीत बसलेला माणूस ल्युटनचा चाहता आहे, हे आम्ही रेफरींच्या संस्थेला सामन्याआधीच कळवलं होतं, तरी त्याला बदललं नाही. आमच्या सहनशीलतेची पुष्कळदा परीक्षा घेऊन झाली आहे. आता आमच्यापुढे कोणते पर्याय आहेत, ते आम्ही पाहू.

फुटबॉलमधल्या रडगाण्यांचा जर कधी संग्रह निघाला, तर हे पहिल्या पानावर असेल. लिखाण म्हणून ते फार कसबी आहे. त्यात 'आम्ही' आहोत, 'ते' आहेत, वेळेवर दिलेला इशारा आहे, तो न ऐकणारी सत्ता आहे आणि शेवटी एक मोघम धमकी आहे. पण सगळं वजन पेलतो तो एकच शब्द : ल्युटन. त्या संध्याकाळी फॉरेस्ट सतराव्या क्रमांकावर होतं, २६ गुणांवर. ल्युटन अठरावं, २५ गुणांवर. प्रीमियर लीगमधले तळाचे तीन संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जातात, त्यामुळे सतरा आणि अठरा यांच्यामधली रेघ म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामधला उंबरा. फॉरेस्ट हरलं तर फायदा कोणाचा? ल्युटनचा. व्हीएआरवर कोण होता? ल्युटनचा माणूस. 'त्याने मुद्दाम केलं' असं क्लबने कुठेही लिहिलेलं नाही. ते वाक्य पूर्ण करायचं काम तुमच्या-माझ्यावर सोपवलंय आणि लाखो लोकांनी ते बिनपगारी करून दिलं.

निवेदनात काय नाही, ते बघण्यासारखं आहे. फॉरेस्टने खाल्लेले दोन गोल त्यात नाहीत. एक इद्रिसा गेयेचा, एक ड्वाइट मॅकनीलचा, दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून मारलेले. तिथे फटका मारायला पुरेशी मोकळी जागा कोणी दिली, हा प्रश्न त्यात नाही. ३४ सामन्यांत मैदानावर मिळवलेले एकूण गुण ३०, म्हणजे सामन्यामागे एकसुद्धा नाही, हेही नाही. आणि ३० मिळवूनही खात्यावर २६च का दिसतात, हे तर नाहीच नाही. ते चार गुण कुठल्याही रेफरीने घेतले नव्हते. लीगच्या आर्थिक नियमांत बसणार नाही इतका तोटा केल्याबद्दल मार्चमध्ये ते कापले गेले होते. गंमत म्हणजे समोरच्या एव्हर्टनचेही त्याच कारणासाठी आठ गुण कापलेले होते. म्हणजे मिळून बारा गुण हिशेबाच्या वहीत घालवलेले दोन संघ त्या दिवशी समोरासमोर उभे होते, आणि बोललं गेलं ते शिट्टीबद्दल.

इथे आपल्याकडची म्हण तयारच असते. नाचता येईना, अंगण वाकडं. वाईट खेळणाऱ्या संघाने रेफरीकडे बोट दाखवलं की आपण ती त्याच्या तोंडावर मारतो आणि विषय मिटवतो. मला या म्हणीचाच जरा समाचार घ्यायचा आहे. कारण ती गृहीत धरते की अंगण सरळ आहे. जिला नाचता येत नाही, तिचं अंगणही वाकडं असू शकतं, ही शक्यता तिच्या गावीच नाही.

गुडिसन पार्कचंच घ्या. तिन्ही वादांत एव्हर्टनचा एकच खेळाडू होता, अडतीस वर्षांचा ॲशली यंग. पहिल्यांदा त्याने जिओ रेनाला पाडलं अशी मागणी झाली. दुसऱ्यांदा कॅलम हडसन-ओडोईने मारलेला चेंडू त्याच्या हाताला लागला. तिसऱ्यांदा त्याने हडसन-ओडोईला उशिरा गाठलं आणि चेंडूऐवजी पाय मिळवला. मैदानावर रेफरी अँथनी टेलर होता, व्हीएआरवर स्टुअर्ट ॲटवेल. तिन्ही वेळा खेळ सुरू राहिला. नंतर शांतपणे परीक्षण झालं, तेव्हा तिसऱ्या प्रसंगात पेनल्टी द्यायला हवी होती, हे मान्य झालं. स्कोअर तेव्हा ०-१ होता. सामना अजून जिवंत होता.

त्याआधी सात आठवड्यांपूर्वी, २ मार्चला, फॉरेस्टच्या घरच्या मैदानावर लिव्हरपूलविरुद्ध ०-० चालू असताना, लिव्हरपूलच्या खेळाडूच्या डोक्याला लागलं म्हणून रेफरी पॉल टिअर्नीने खेळ थांबवला. चेंडू तेव्हा फॉरेस्टकडे होता आणि बॉक्सच्या बाहेर होता. नियम सरळ आहे : अशा वेळी ज्यांच्याकडे चेंडू होता, त्यांनाच तो ड्रॉप बॉलने परत द्यायचा. टिअर्नीने तो लिव्हरपूलच्या गोलकीपरला दिला. जवळपास दोन मिनिटांनी, नव्व्याण्णवाव्या मिनिटाला डार्विन नुन्येझने हेडर मारला. ०-१. हातातला एक गुण गेला.

तेव्हा रडगाणं कितीही बेसूर असलं, तरी त्यातली तक्रार खोटी नव्हती. पण तक्रार खरी असणं आणि 'पक्षपात' खरा असणं या दोन गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ यांच्या सरमिसळीत आहे. टिअर्नीने नियम चुकवला. त्याला लिव्हरपूलचं भलं करायचं होतं, याचा काहीही पुरावा नाही. मात्र हेतू नसला म्हणजे पक्षपात नसतोच, हेही बरोबर नाही. ज्या पक्षपाताचा खरोखर अभ्यास झालाय, तो जवळजवळ सगळा बिनहेतूचा आहे.

२००२मध्ये ॲलन नेव्हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. चाळीस प्रशिक्षित रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या झटापटींचं रेकॉर्डिंग दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. तीच दृश्यं, तेच नियम. फरक फक्त कानात. स्पेनच्या लीगवरचा अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आणखी बोलका आहे : घरचा संघ एका गोलने मागे असला की रेफरी जास्त भरपाईची वेळ देत, एका गोलने पुढे असला की कमी. दोन-चार गोलांचा फरक असला, म्हणजे निकाल लागलेलाच असला, की हा खेळ बंद. मग कोविडच्या काळात स्टेडियमं रिकामी झाली आणि पाहुण्या संघांना जास्तीची पिवळी कार्डं मिळण्याचं प्रमाण घसरलं. कोणी कोणाला पाकीट दिलेलं नव्हतं. तीस-चाळीस हजार माणसं एकदम ओरडली की माणसाच्या कानाचं जे होतं, तेच झालं होतं.

आता हे सगळं खराब खेळणाऱ्या संघाला लावून बघा. पाहुणा संघ चांगला असेल, तर पहिल्या वीस मिनिटांत चेंडू स्वतःकडे ठेवून प्रेक्षकांना गप्प करतो. कंटाळलेलं स्टेडियम रेफरीवर दबाव आणू शकत नाही. वाईट संघाला हे जमत नाही. तो चेंडू घालवतो, मागे सरकतो, कॉर्नर देतो, आणि प्रत्येक कॉर्नरला स्टेडियम उठून उभं राहतं. ज्या आवाजाने रेफरी झुकतो, तो आवाज हाच संघ तयार करून देत असतो. शिवाय थकलेला, अर्धा सेकंद उशिरा पोचणारा बचावपटू फाउल जास्त करतो, आणि एकदा 'हे लोक आडदांड' अशी कीर्ती झाली की तीही रेफरीच्या डोक्यात बसते. याचाही प्रयोग झालाय. अमुक संघ आक्रमक आहे असं आधी सांगितलं, तर त्याच दृश्यांसाठी रेफरींनी त्या संघाला जास्त कार्डं दिली. म्हणजे खराब खेळ आणि खराब निर्णय हे दोन वेगळे विषय नाहीत. पहिला दुसऱ्याला घरी बोलावतो.

हे बोललं की एक उत्तर हमखास येतं. मोठ्या संघांचे चाहते ते फार प्रेमाने देतात : 'अरे, सीझन अडतीस सामन्यांचा असतो, सगळं शेवटी बरोबरीत येतं.' समालोचकसुद्धा हेच म्हणतात. मला हे वाक्य प्रीमियर लीगमधलं सगळ्यात आळशी वाक्य वाटतं.

१७ जून २०२०. कोविडच्या सुट्टीनंतरचा लीगचा पहिलाच सामना, ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, रिकामं स्टेडियम. शेफील्डची फ्री किक आली, व्हिलाचा गोलकीपर अर्यन नीलंड चेंडू छातीशी धरून मागे गेला तो थेट गोलरेषेच्या पलीकडे. टीव्हीवर शाळकरी पोरालाही दिसत होतं. पण गोल झाला की रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं, ते थरथरलंच नाही. गोलरेषा तंत्रज्ञान पुरवणाऱ्या हॉक-आयने नंतर माफी मागितली. खेळाडू आणि खांब आड आल्यामुळे सातही कॅमेऱ्यांना चेंडू दिसला नव्हता. व्हीएआरनेही हात घातला नाही. सामना ०-० सुटला.

सीझन संपला तेव्हा व्हिला ३५ गुणांवर सतराव्या जागी वाचलं. बोर्नमथ ३४ गुणांवर खाली गेलं. तो गोल दिला असता आणि स्कोअर तसाच राहिला असता, तर व्हिलाचेही ३४ झाले असते, आणि गोलफरकात बोर्नमथ पुढे होतं. खाली व्हिला गेलं असतं.

यात पक्षपात औषधालाही नव्हता. गर्दी नाही, चाहता नाही, मशीनची चूक. पण त्या मैदानावर नसलेल्या संघाने तिची किंमत मोजली. 'बरोबरीत येतं' म्हणणाऱ्यांनी सांगावं, बोर्नमथचं ते कधी बरोबरीत आलं? दोन वर्षं ते दुसऱ्या श्रेणीत होतं. व्हिला पुढच्या चार-पाच वर्षांत चॅम्पियन्स लीग खेळून आलं.

वरच्या संघांसाठी ते वाक्य बऱ्यापैकी खरंही असेल. नव्वद गुण मिळवणाऱ्याचे दोन गुण चुकीने गेले, तर तो चिडतो आणि पुढचा सामना जिंकतो. त्याच्याकडे गादी आहे, पडला तरी लागत नाही. तळाच्या संघाकडे गादीच नाही. तो सीझनमध्ये आठ-नऊ सामने जिंकतो, गोल मारायच्या संधी मोजून मिळतात, बॉक्समध्ये पोचतोच कमी वेळा. अशा संघाची एक नाकारलेली पेनल्टी म्हणजे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हरवलेली पाचशेची नोट. तीच नोट दुसऱ्या कोणाच्या खिशातून पडली, तर त्याला घरी जाईपर्यंत कळतही नाही. चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या आल्या, तरी त्यांचं वजन सारखं नसतं.

मात्र त्याच बोर्नमथने ३८पैकी २२ सामने हरले होते. बावीस! हॉक-आयचं घड्याळ एकदा गप्प राहिलं, बोर्नमथचा बचाव बावीस वेळा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. आपण मात्र नेहमी एकच निवडतो. २००८च्या सिडनी कसोटीबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. ॲण्ड्र्यू सायमंड्स ३०वर असताना बाद होता, स्टीव्ह बकनरने दिला नाही, त्याने नाबाद १६२ केले, हे अजून तावातावाने सांगतील. शेवटच्या संध्याकाळी काही मिनिटं खेळून काढायची होती आणि मायकेल क्लार्कसारख्या कामचलाऊ फिरकीपटूने एकाच षटकात तीन बळी घेतले, हे आपणहून कोणी सांगणार नाही.

खरा प्रश्न यापुढचा आहे. खराब खेळणाऱ्या संघाने एकदा ठरवलं, की आपलं वाईट चाललंय ते रेफरीमुळे, तर त्या संघाचं पुढे काय होतं?

मैदानावर काय होतं, ते कोणीही पाहू शकतं. निर्णय विरुद्ध गेला की चार जण रेफरीकडे धावतात. त्या वेळी त्यांच्या जागा रिकाम्या असतात. लिव्हरपूलच्या त्या गोलकडे परत जाऊ. चुकीचा ड्रॉप बॉल आणि गोल यांच्यामध्ये जवळपास दोन मिनिटं होती. चेंडू शंभर मीटर पलीकडच्या गोलकीपरच्या हातात होता. त्या दोन मिनिटांत फॉरेस्टला चेंडू लांब भिरकावता आला असता, नुन्येझवर कोणाला तरी चिकटवता आलं असतं. मी त्यांच्या अन्यायाची खिल्ली उडवत नाही, अन्याय झालाच होता. पण अन्याय झाला त्या क्षणी बचाव सुटला नव्हता, तो नंतर सुटला.

मैदानाबाहेर याहून वाईट होतं. तक्रार ही एक खुर्ची आहे, बसायला फार आरामशीर. प्रशिक्षकाला पत्रकार परिषदेत डावपेचांबद्दल उत्तर द्यावं लागत नाही. मालकाला विचारलं जात नाही, की इतके खेळाडू विकत घेतले त्यांचं काय झालं. चाहत्यालाही बरं वाटतं, कारण आपली पोरं वाईट आहेत यापेक्षा आपल्यावर डाव साधला जातोय, हे पचवायला सोपं असतं. फॉरेस्टने तर फेब्रुवारी २०२४मध्ये मार्क क्लॅटनबर्ग या माजी रेफरीलाच रेफरींच्या कामाचा विश्लेषक म्हणून नोकरीवर ठेवलं होतं. ज्या संघाच्या कीपरपासून स्ट्रायकरपर्यंत सगळीकडे दुरुस्तीची गरज होती, त्याने आधी तक्रारीचं खातं उघडलं. त्या निवेदनानंतर दोन आठवड्यांच्या आत क्लॅटनबर्गने राजीनामा दिला, आणि ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र आयोगाने निवेदनाबद्दल क्लबला साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला.

हे खातं उघडंच राहिलं, तर ते कुठपर्यंत जाऊ शकतं, याचं उत्तर इटलीत आहे.

फ्लोरेन्स शहराचा जुना क्लब २००२मध्ये दिवाळखोरीत बुडाला. डिएगो देल्ला व्हाल्ले या चपला-बुटांच्या उद्योगपतीने तो नव्या नावाने चौथ्या श्रेणीतून उभा केला आणि दोन वर्षांत फिओरेंतिना इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत, सेरी आमध्ये परतली. इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे. मग २००४-०५चा सीझन आला आणि संघ ढेपाळला. वसंत येईपर्यंत पुन्हा खाली जाण्याची वेळ आली. क्लबची ठाम समजूत होती, की रेफरी आपल्या विरुद्ध जातायत. त्या काळातल्या इटलीत असं वाटणाऱ्याला वेडा म्हणता आलं नसतं. वर्षभराने बाहेर आलेल्या टेलिफोन टॅपिंगमधून कळलं, की युव्हेंटसचा व्यवस्थापक लुचानो मोज्जी रेफरींची नेमणूक करणाऱ्यांशी नित्यनेमाने बोलत होता. अंगण खरोखर वाकडं होतं, आणि ते वाकडं करणाऱ्यांचे फोन नंबरही लोकांकडे होते.

फिओरेंतिनाने काय केलं? अंगण वाकडं असल्याची जाहीर तक्रार चालवत राहण्याऐवजी त्याच वर्तुळाशी संधान बांधलं. इटालियन फुटबॉल महासंघाच्या न्यायव्यवस्थेने २००६मध्ये काढलेला निष्कर्ष असा होता. क्लबच्या मालकांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच राहिलं, की आम्ही पीडित होतो, आम्हाला फक्त निःपक्षपाती रेफरी हवे होते. हे म्हणणं मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग वाटतो. कारण ते कदाचित मनापासूनचंही असेल. ज्याला खात्री आहे, की आपल्याला लुबाडलं जातंय, त्याला स्वतः उचललेली वस्तू चोरी वाटतच नाही. ती वसुली वाटते.

त्या सीझनच्या शेवटच्या दिवशी फिओरेंतिनाने ब्रेशियाला ३-० हरवलं. फिओरेंतिना, पार्मा आणि बोलोन्या तिघेही ४२ गुणांवर अडकले. आपापसातल्या सामन्यांच्या हिशेबात फिओरेंतिना वाचली. उरलेल्या दोघांची जादा लढत झाली, ती पार्माने जिंकली. बोलोन्या खाली गेलं. पुन्हा तेच : किंमत मोजली तिसऱ्याने. मोठ्या संघाचा पक्षपात दुसऱ्या मोठ्या संघाची ट्रॉफी पळवतो. छोट्या संघाचा पक्षपात दुसऱ्या छोट्या संघाला बुडवतो.

२००६मध्ये निकाल लागला तेव्हा युव्हेंटस दुसऱ्या श्रेणीत ढकलली गेली, दोन विजेतेपदं गेली. फिओरेंतिनाने मिळवलेली चॅम्पियन्स लीगची जागा गेली आणि अपिलांनंतर पुढच्या सीझनची सुरुवात उणे १५ गुणांनी करावी लागली. फौजदारी खटले वर्षानुवर्षं चालले, त्यातले बरेच मुदतबाह्य ठरले. आता खरी बातमी पुढे आहे. उणे पंधरावरून सुरू करून फिओरेंतिना त्या वर्षी सहावी आली. लुका तोनी आणि आद्रियान मुतू दोघे पुढे होते, संघ तरतरीत होता. पंधरा गुणांचा खड्डा! जगातला कुठलाही रेफरी एका सीझनमध्ये तुमचे एवढे गुण खाऊ शकत नाही. तरी तो भरून निघाला. दोन वर्षांपूर्वी हाच क्लब रेफरीशिवाय आपण वाचणार नाही, असं समजून चालला होता.

फॉरेस्टचं पुढे काय झालं, तेही याच वळणाचं आहे. २०२३-२४चा सीझन ३२ गुणांवर संपला, ल्युटन २६वर राहिलं. म्हणजे सहा गुणांची फारकत. गुडिसन पार्कवरचा निर्णय शेवटी निर्णायक ठरला नाही. पण तो तसा ठरू शकला असता, हे विसरून चालणार नाही, कारण त्या संध्याकाळी फरक एकाच गुणाचा होता. पुढच्या सीझनला रेफरी तेच होते, संस्था तीच, व्हीएआर तेच. जून २०२४मध्ये व्हीएआर रद्द करायचा ठराव वुल्व्हजने आणला होता, तो १९ विरुद्ध १ मतांनी फेटाळला गेला, म्हणजे फॉरेस्टनेही व्हीएआर ठेवण्याच्याच बाजूने मत दिलं. संघात मात्र फरक पडला. उन्हाळ्यात निकोला मिलेंकोविच हा धिप्पाड बचावपटू आला, तोही योगायोगाने फिओरेंतिनातून, आणि मुरिलोबरोबर त्याची जोडी जमली. ज्याच्यावर आदल्या वर्षी टीका होत होती, तो कीपर मॅट्स सेल्स १३ सामन्यांत एकही गोल न खाता राहिला. क्रिस वुडने २० गोल मारले. सप्टेंबरमध्ये ॲनफिल्डवर जाऊन त्यांनी लिव्हरपूलला १-० हरवलं. फॉरेस्ट ६५ गुणांसह सातवं आलं आणि युरोपात गेलं.

तक्रारी थांबल्या का? छे. त्याच सप्टेंबरमध्ये फुलमविरुद्ध व्हीएआरने दिलेल्या पेनल्टीवर फॉरेस्ट हरलं, आणि सामन्यानंतर रेफरींच्या वाटेत थुंकल्याबद्दल मालक इव्हान्जेलोस मारिनाकिस यांना पाच सामन्यांची स्टेडियमबंदी झाली. फरक इतकाच, की यावेळी त्या एका पेनल्टीने संघाचं वर्ष ठरलं नाही. आठवडाभरात ती बातमी जुनी झाली, कारण पुढच्या सामन्यांत बोलण्यासारखं दुसरं काही होतं.

रेफरींच्या संस्थेला यातून सूट मिळावी, असं मला मुळीच वाटत नाही. रेफरी कुठल्या क्लबचा चाहता आहे, याची नोंद ती ठेवते, स्वतःच्या क्लबच्या सामन्याला त्याला नेमत नाही. पण सतराव्या क्रमांकाच्या सामन्याला अठराव्या क्रमांकाचा चाहता चालतो, हे कुठल्या तर्कात बसतं? क्रिकेटने हा धडा तीस वर्षांपूर्वी घेतला आणि कसोटीला त्रयस्थ देशाचे पंच आणले. पंच लबाड होते म्हणून नव्हे, हरलेल्याला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. फॉरेस्टच्या निवेदनातलं ते ल्युटनबद्दलचं वाक्य कितीही कुजकट असलं, तरी ते लिहिण्याची सोय संस्थेनेच करून दिली होती. ॲटवेलने त्या दिवशी काय विचार केला, कोणाला माहीत. तिसरी पेनल्टी त्याला खरोखरच पेनल्टी वाटली नसेल. पण आता त्या चुकीला 'फक्त चूक' म्हणून कोणी वाचणार नाही, आणि हे नुकसान त्याचंही आहे.

राहता राहिलं ल्युटन. या सगळ्या गोष्टीत त्यांचं नाव फक्त आरोपाचा पुरावा म्हणून आलं, त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. त्याच सीझनमध्ये, जानेवारीत, बर्नलीच्या मैदानावर ल्युटनने ब्याण्णवाव्या मिनिटाला कार्लटन मॉरिसच्या हेडरवर १-१ अशी बरोबरी साधली होती. तो चेंडू येत असताना इलायजा ॲडेबायोने बर्नलीच्या कीपरची वाट अडवली होती. बर्नलीचे लोक संतापले, व्हीएआरने गोल कायम ठेवला. म्हणजे वादग्रस्त निर्णयाचा फायदा ल्युटनलाही मिळाला होता, आणि तोही तळाच्याच एका संघाविरुद्ध. २१ एप्रिलनंतर त्यांचे चार सामने उरले होते. व्हीएआरच्या खोलीत कोणाचा चाहता बसलाय, याचा त्यांना काही उपयोग झाला नाही. चार सामन्यांत त्यांनी एक गुण मिळवला, तोही एव्हर्टनविरुद्ध, आणि खाली गेले. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली. त्यांच्या त्या एक गुणाच्या चार सामन्यांवर कोणी निवेदन काढलं नाही.